उलटवा, पाहा, निम्मे सरकवा

नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन



घरातल्या एखाद्या लाकडी वस्तूच्या कोपऱ्याकडे आज मुद्दाम बघा. टेबलाचा खण असेल, देव्हाऱ्याची बैठक असेल, आजीची जुनी पेटी असेल. ती वस्तू किती वर्षे टिकणार हे तिच्या फळ्यांपेक्षा तिचे कोपरे ठरवतात. फळी मधेच मोडली असे क्वचित घडते. सांधा मात्र आधी ढिला होतो, मग उघडतो, मग त्या फटीत धूळ बसते आणि एक दिवस सगळा डोलारा कुरकुरू लागतो. म्हणून कुठल्याही मिस्त्रीचे काम पाहायला गेलात तर पॉलिशकडे नंतर बघा, आधी कोपऱ्यावरून बोट फिरवा.

आज मी अशाच एका कोपऱ्याबद्दल बोलणार आहे. त्याला लॉक मायटर म्हणतात. तो कापण्यासाठी राउटरचे टेबल कसे लावायचे, हा आजचा विषय. ज्यांनी आयुष्यात कधी करवत धरली नाही त्यांनी लगेच रेडिओ बंद करू नये. या कामात एक जुनी युक्ती दडलेली आहे. ती गवंड्याला, सर्वेक्षण करणाऱ्याला आणि घरात भिंतीवर फळी ठोकणाऱ्या कुणालाही उपयोगी पडते. तिच्यापर्यंत आपण हळूहळू जाऊ.

तिरक्या कोपऱ्याचे दुखणे

दोन फळ्या काटकोनात जोडायच्या असतील तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एकीचे टोक दुसरीच्या अंगाला टेकवायचे. पण मग एका बाजूने फळीची कापलेली कड दिसते आणि ती डोळ्यांना खुपते. त्यापेक्षा दोन्ही फळ्यांच्या कडा ४५ अंशांत तिरक्या कापल्या आणि जुळवल्या तर कापलेली कड कुठूनच दिसत नाही. जणू लाकूड कोपऱ्यावर वळून पुढे गेले आहे असे वाटते. फोटोच्या चौकटीचा कोपरा असाच असतो. हाच साधा मायटर.

दिसायला देखणा, पण स्वभावाने नाजूक. सरस लावून शिकंजा आवळला की हे दोन उतार एकमेकांवरून घसरगुंडीवरच्या मुलांसारखे घसरतात. एक बाजू धरावी तर दुसरी निसटते. सरस वाळेपर्यंत कोपरा एखाद्या मिलिमीटरने सरकलेला असतो आणि मग तो झाकायला पुट्टी येते. पेटीच्या कोपऱ्यात आणखी एक अडचण असते. तिथे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडे समोरासमोर येतात, ती सरस पिऊन टाकतात आणि जोड कच्चा राहतो.

लॉक मायटरमध्ये त्या उताराच्या मधोमध एक जीभ आणि एक खोबण असते. आता जिथे बसला असाल तिथे दोन्ही हातांची बोटे वाकवून एकमेकांत अडकवा आणि हात वर-खाली सरकवून पाहा. सरकत नाहीत. लॉक मायटर म्हणजे हेच. बाहेरून पाहणाऱ्याला सरळ तिरकी रेघ दिसते. आत दोन फळ्यांनी एकमेकींचा हात धरलेला असतो. सरस लागायला जागा वाढते आणि शिकंजा आवळताना कोपरा जागचा हलत नाही.

आता यातली गंमत ऐका. एका फळीवर जीभ वर आणि खोबण खाली हवी, दुसरीवर त्याच्या जोडीची नक्षी हवी. म्हणजे दोन वेगवेगळी पाती लागतील असे वाटते. प्रत्यक्षात एकच पाते, एकाच उंचीवर, एकाच जागी उभे असते. पहिली फळी त्याच्यासमोरून आडवी, म्हणजे टेबलावर निजवून न्यायची. दुसरी उभी, पाठीमागच्या आधारपट्टीला चिकटवून न्यायची. एवढ्यानेच दोन्ही फळ्या एकमेकींच्या जोडीदारीण होतात.

ओकचे पाय आणि सागाचे खांब

हा सांधा पेटीपुरता नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या फेयेटव्हिल गावी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओपोल्ड आणि जॉन जॉर्ज स्टिकली या भावांचा फर्निचरचा कारखाना होता. ते ओकचे फर्निचर बनवत. ओकचा ओंडका गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेषेत चिरला की फळीवर सुंदर चमकदार पट्टे उमटतात. पण टेबलाचा चौकोनी पाय एका सबंध लाकडातून काढला तर हे पट्टे समोरासमोरच्या दोनच बाजूंवर दिसतात. उरलेल्या दोन बाजू साध्या राहतात. स्टिकली बंधूंनी चार पट्ट्या घेतल्या, प्रत्येकीची देखणी बाजू बाहेर ठेवली, कडा अशा अडकवणाऱ्या तिरक्या सांध्याने जोडल्या आणि मधे लाकडाचा गाभा बसवला. चारही बाजूंनी सारखाच दिसणारा पाय तयार झाला. त्यांच्या फर्निचरची ती ओळख ठरली.

आपल्याकडे कारण वेगळे आहे, पण गरज तीच. जुन्या वाड्यांत एका खांबाला एक ओंडका लागे. पुण्याच्या विश्रामबागवाड्यातले सुरूच्या आकाराचे कोरीव खांब अनेकांनी पाहिले असतील. आज तेवढ्या जाडीचे सागवान मिळणे दुर्मीळ आणि मिळाले तरी परवडणे कठीण. शिवाय नव्या घरात भार पेलायला काँक्रीटचा किंवा लोखंडी खांब असतोच. त्याला लाकडाचे अंगरखे घालायचे असते. चार फळ्यांचा पोकळ चौकोनी खांब करायचा म्हणजे सात-आठ फूट लांबीचे चार कोपरे. इतक्या लांबीवर साधा तिरका सांधा सरळ धरणे म्हणजे चार हातांचे काम. लॉक मायटरचा खरा उपयोग अशा ठिकाणी होतो. शिवाय इथे फळ्यांचे तंतू कोपऱ्याला समांतर धावतात, त्यामुळे सरसाची पकडही उत्तम बसते.

आधी वेग, मग बाकीचे

राउटर हे यंत्र आता आपल्या मिस्त्रींच्या चांगलेच ओळखीचे आहे. एक मोटर, तिच्या टोकाला पकड आणि पकडीत फिरणारे पाते, ज्याला बिट म्हणतात. हातात धरून वापरतो तोच राउटर टेबलाखाली उलटा टांगला, बिट टेबलाच्या भोकातून वर काढले आणि त्याच्यामागे एक सरळ आधारपट्टी उभी केली की राउटर टेबल झाले. या आधारपट्टीला फेन्स म्हणतात. मीही तोच शब्द वापरतो.

लॉक मायटरचे बिट अंगाने मोठे असते. पाऊण-एक इंची फळ्यांसाठी जे मोठे बिट येते त्याचा व्यास साधारण पावणेतीन इंच, म्हणजे ७० मिलिमीटर. इथे थोडे गणित करू. राउटर पूर्ण वेगाने मिनिटाला सुमारे २४,००० फेरे घेतो. ६ मिलिमीटरच्या बारीक बिटची धार त्या वेगात ताशी सुमारे २७ किलोमीटरने पळते. ७० मिलिमीटरच्या बिटची धार त्याच फेऱ्यांना ताशी सुमारे ३१७ किलोमीटरने पळेल. फेरे १०,००० वर आणले तर हा वेग ताशी १३२ किलोमीटर होतो आणि बिटच्या तुकड्यांना बाहेर भिरकावू पाहणारे बल जवळजवळ पावणेसहा पटींनी कमी होते. म्हणून वेग कमी करता येणारा राउटरच या कामाला घ्या आणि बिटवर किंवा त्याच्या खोक्यावर छापलेल्या मर्यादेच्या आत राहा. मोठ्या बिटसाठी ही मर्यादा बहुधा १०-१२ हजारांच्या आसपास असते.

सनमायकाच्या कडा साफ करायचे छोटे ट्रिमर मशीन हल्ली प्रत्येक कामावर दिसते. त्याचा वेग ३०,००० फेऱ्यांच्या आसपास आणि पकड पाव इंची. त्यात अशी मोठी बिटे कोणत्याही जुगाडाने बसवू नयेत.

पकडीबद्दल आणखी एक गोष्ट, जी आपल्या बाजारात फार महत्त्वाची आहे. बिटचा दांडा कधी अर्ध्या इंचाचा असतो, कधी १२ मिलिमीटरचा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. दिसायला दोन्ही सारखेच. १२ चा दांडा अर्ध्या इंची पकडीत घातला तर तो आत जातो, आवळल्यासारखाही वाटतो आणि फिरताना सुटू शकतो. दांडा आणि पकड एकाच मापाची आहे ना, हे वाचून घ्या, अंदाजावर जाऊ नका. दांडा पूर्ण आत घालून मग दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढा आणि आवळा. हे सगळे करताना प्लग भिंतीतून काढलेला असला पाहिजे. नुसते बटण बंद असून भागत नाही.

उंची : चूक स्वतःच बोलते

आता मुख्य काम. लॉक मायटरच्या बिटच्या नक्षीला एक मध्य असतो, जीभ आणि खोबण यांच्या बरोबर मधला बिंदू. हा मध्य फळीच्या जाडीच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे. सगळे रहस्य एवढेच. पण तो मध्य बिटच्या तिरप्या धारेवर कुठेतरी हवेत असतो. तिथे ना पट्टी टेकते, ना व्हर्निअर. मग मोजायचे कसे?

मोजायचेच नाही. फळीच्याच जाडीचे दोन टाकाऊ तुकडे घ्या. फेन्स अंदाजाने लावा, बिट डोळ्यांनी मध्यावर आणा. दोन्ही तुकडे टेबलावर आडवे निजवून त्यांच्या कडा कापा. मग एक तुकडा जसाच्या तसा ठेवा, त्यावर खडूने फुली मारा. दुसरा पालथा करा आणि दोघांच्या कापलेल्या कडा समोरासमोर आणून एकमेकांत बसवा. दोन्ही तुकड्यांचे पृष्ठभाग एका पातळीत आले, बोट फिरवल्यावर काहीच लागले नाही, तर उंची बरोबर. मधे पायरी लागली, तर चूक आहे.

कोणत्या बाजूला चूक? फुलीचा तुकडा शेजाऱ्यापेक्षा खाली बसला असेल तर बिट जास्त वर आले आहे. तो वर बसला असेल तर बिट खाली राहिले आहे.

आणि किती चूक? इथे नवशिका हमखास फसतो. पायरी समजा १ मिलिमीटरची आहे. तो बिट १ मिलिमीटर सरकवतो, पुन्हा दोन तुकडे कापतो आणि पाहतो तर पायरी अजून १ मिलिमीटरचीच, फक्त आता उलट बाजूला. पुन्हा सरकवतो, पुन्हा तेच. झोपाळ्यासारखे हे तासभर चालू शकते, टाकाऊ तुकड्यांचा ढीग वाढतो आणि शेवटी दोष बिटवर जातो. कारण सोपे आहे. बिट अर्धा मिलिमीटर वर असेल तर सरळ ठेवलेला तुकडा अर्धा मिलिमीटर खाली जातो आणि पालथा केलेला अर्धा मिलिमीटर वर येतो. दोन्ही मिळून दिसते १. पायरी नेहमी चुकीच्या दुप्पट असते. म्हणून सरकवायचे निम्मे. पायरी मोजा, अर्धी करा, तेवढेच बिट हलवा.

मघाशी म्हटलेली जुनी युक्ती हीच. मिस्त्री आपला गुण्या कसा तपासतो पाहा. फळीच्या सरळ कडेला गुण्या टेकवून एक रेघ ओढतो, मग गुण्या पालथा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ ओढतो. रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर ती फाक गुण्याच्या चुकीच्या दुप्पट. गवंडी पाणसळीचा खरेखोटेपणा ती उलटसुलट ठेवून पाहतो. पहिल्या वेळी बुडबुडा मधे आणि फिरवल्यावर बाजूला गेला, तर दोष पाणसळीत आहे, भिंतीत नाही. भिंतीवर फळी लावताना तुम्हीही हे करून पाहा. या सगळ्यात बाहेरून आणलेले कोणतेही प्रमाण लागत नाही. वस्तूला तिच्याच विरुद्ध उभे करायचे, म्हणजे चूक आपण होऊन दुप्पट मोठी होऊन समोर येते. महागडी मापे परवडत नसलेल्या कारागिरांनी जगभर हीच पद्धत वापरून अचूक कामे केली आहेत.

एक बारकावा. उलट्या टांगलेल्या राउटरला स्वतःचे वजन खाली ओढत असते. म्हणून बिट खाली आणायचे असले तरी आधी थोडे जास्त खाली घ्या आणि शेवटची हालचाल वर चढवतानाच करा. मळसूत्रातली ढिलाई निघून जाते.

फेन्स : तोच धडा, आडवा

उंची ठरली. आता फेन्स. आडव्या फळीसाठी जी कामगिरी बिटची उंची करते, तीच कामगिरी उभ्या फळीसाठी फेन्सचे अंतर करते. उभी फळी फेन्सला पाठ लावून जाते, तेव्हा नक्षीचा मध्य फेन्सपासून बरोबर अर्ध्या जाडीवर हवा.

आधी डोळ्यांनी जवळ या. एका तुकड्याची कड पेन्सिलने पूर्ण काळी करा आणि तो आडवा कापा. वरच्या धारेला काळी पट्टी रुंद उरली तर बिट पुरेसे बाहेर नाही. फेन्स मागे घ्या. काळे काहीच उरले नाही आणि फळीची रुंदीच घटली, तर फेन्स पुढे आणा. केसाएवढी काळी रेघ उरली की समजा तुम्ही दाराशी पोचलात.

मग पुन्हा तीच युक्ती. दोन तुकडे उभे धरून कापा, एक पालथा करा, कडा अडकवा, बोट फिरवा. पायरीच्या निम्म्याने फेन्स सरकवा. यानंतर एक आडवा आणि एक उभा तुकडा कापून कोपरा जुळवा आणि आतून गुण्या लावा. आता तो कोपरा तुम्हाला आवडेल.

कोणती बाजू कुठे ठेवायची यासाठी एक नियम पाठ करा. देखणी बाजू कधीही टेबलाला किंवा फेन्सला लागू द्यायची नाही. फळी आडवी असेल तर देखणी बाजू वर, उभी असेल तर देखणी बाजू आपल्याकडे. खांबाच्या चार फळ्यांपैकी दोघींच्या दोन्ही कडा आडव्या कापा आणि दोघींच्या दोन्ही कडा उभ्या. आडवी-उभी अशी खूण कापण्यापूर्वीच प्रत्येकीवर करून ठेवा.

जाडी, घास आणि बोटे

एवढे बारीक लावलेले टेबल एका गोष्टीने वाया जाते, ती म्हणजे कमी-जास्त जाडी. फळीची आतली बाजू टेबलाला टेकते, म्हणून जाडीतला सगळा फरक बाहेरच्या कोपऱ्यावर येऊन बसतो. फळी नमुन्यापेक्षा पाव मिलिमीटर जाड असली तर पाव मिलिमीटरची पायरी बाहेर दिसणार. आपल्याकडे अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला थोडे कमी. इथे सुताची भाषा चालत नाही. सगळ्या फळ्या आणि नमुन्याचे तुकडे एकाच दिवशी, एकाच मापावर रंधून घ्या. आज रंधलेले लाकूड आणि पावसाळ्यात महिनाभर पडलेले लाकूड एकाच जाडीचे राहत नाही. प्लायवूडचे तर नाव एक आणि जाडी दुसरी असू शकते. १८ म्हणून घेतलेला प्लाय व्हर्निअरने मोजल्याशिवाय १८ मानू नका. शिवाय प्लायचा वरचा थर पातळ असतो. तिरक्या काप्यात त्याची धार लगेच झडते. एक ताव खराब करून पाहण्यापेक्षा एक पट्टी खराब करून पाहा.

दुसरी गोष्ट घासाची. एकाच फेरीत पूर्ण खोलीचा काप घेऊ नका. यंत्र ओरडते, लाकूड जळते आणि फळी हातातून उसळते. बिटची उंची मात्र हलवायची नाही. ती एकदा ठरली की ठरली. त्याऐवजी फेन्स अंतिम जागी असताना तिच्या मागे दोन ठोकळे पक्के आवळून ठेवा. मग फेन्स पुढे आणा, म्हणजे बिट थोडेच बाहेर दिसेल. सगळ्या फळ्या एकदा फिरवा, फेन्स थोडी मागे घ्या, पुन्हा फिरवा. शेवटच्या फेरीला फेन्स ठोकळ्यांना टेकवा. मागचे ठोकळे तुमची मेहनत सांभाळून ठेवतात.

काप झाल्यावर फळीला कडेला फक्त सुरीसारखी धार उरते आणि पुढचा प्रवास त्या धारेवर टेकून करायचा असतो. लांब फळी तिथे चेपते किंवा शेवटी बिटकडे बुडते. म्हणून फळीच्या देखण्या बाजूवर दुहेरी चिकटपट्टीने एक जास्त रुंद, सरळ पट्टी चिकटवा आणि तिची कड टेकवत फळी पुढे न्या. फळी उभी असताना फेन्सही उंच हवी. फेन्सला पुढून ६ मिलिमीटरचा प्लाय लावून त्यातून बिट जेमतेम बाहेर येईल एवढेच भोक ठेवा, म्हणजे धार तुटत नाही आणि पट्टी त्या खड्ड्यात अडकत नाही.

फळी नेहमी उजवीकडून डावीकडे सरकवा. टेबलाखालच्या बिटची आपल्याकडची बाजू डावीकडून उजवीकडे फिरते, म्हणून लाकूड तिच्या विरुद्ध गेले पाहिजे. उलट नेलेत तर बिट फळी हिसकावून घेते आणि मागे तुमचा हात रिकामा राहतो, बिटच्या समोर. फेन्स आणि बिट यांच्या मधून तर फळी कधीच न्यायची नाही. फळी दाबून धरायला बोटांऐवजी दातेरी दाबपट्टी आणि ढकलायला लाकडी ठोकळा.

कामांवर फिरताना मी जे पाहतो, ते इथे सांगायलाच हवे. हातातला राउटर प्लायच्या तुकड्याखाली चार स्क्रूने उलटा ठोकलेला असतो. वर झाकण नाही, बटण दाबून अडकवलेले. वीज जाते, पोरगा बिटशेजारचा भुसा हाताने झाडतो आणि तेवढ्यात वीज येते. त्या मुलाच्या हाताची किंमत कोणत्या सांध्यात भरून निघणार? वीज गेल्यावर आपोआप बंद होणारे आणि पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारे स्विच मिळतात. ते टेबलाला बसवा. टेबल स्वतः केले असेल तरी बसवाच. आणि तोंडाला चांगला मास्क. सागात सूक्ष्म सिलिका असते, ती पोलादी धार लवकर बोथट करते, म्हणून बिट कार्बाइडचेच हवे. पण लाकडाचा बारीक भुसा माणसालाही सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या भुशाची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत केली आहे. नाकाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही.

कधी करू नये

इतके सांगितल्यावर एक प्रश्न रास्त आहे. एवढा खटाटोप कशासाठी? एकच छोटी पेटी करायची असेल तर कशासाठीही नाही. साधा तिरका काप घ्या, बाहेरून चिकटपट्टी लावा, सरस भरा, पेटीसारखी घडी घाला. सुंदर पेटी होते. हाताने कापलेले सांधे येत असतील तर त्याहून चांगले. काही जाणते कारागीर लॉक मायटरला नाके मुरडतात, ते याचसाठी. लावण्यात तास, कापण्यात दहा मिनिटे. हिशेब तेव्हा जुळतो, जेव्हा एकदा लावलेल्या टेबलावरून चाळीस-पन्नास फूट कोपरा काढायचा असतो, किंवा सारखे दहा-वीस खण करायचे असतात.

मात्र एकदा लागलेले टेबल मोडण्यापूर्वी एक काम विसरू नका. त्याच जाडीच्या चांगल्या, कोरड्या लाकडाचे दोन तुकडे, एक आडवा आणि एक उभा, नीट कापून ठेवा. त्यांवर लिहा, सागवान, १९ मिलिमीटर, आणि कोणते बिट. पुढच्या वेळी आडवा तुकडा बिटसमोर ठेवून त्याच्या नक्षीत धार बसेल इतके बिट वर घ्या, उभ्या तुकड्याने फेन्स लावा, आणि मग एकदा उलटवून खात्री करा. तासाचे काम दहा मिनिटांवर येते. खोबणीत सरस भरण्याआधी चारही फळ्या कोरड्याच जुळवून पाहा, कारण या सांध्याच्या धारा जोडण्यापूर्वी फार कोवळ्या असतात; आपटल्या की झडल्या. एकदा सरस वाळला की त्यांच्यासारखे खमके काही नाही.

हा सांधा शिकवताना मी मुलांना पहिल्या दिवशी बिट लावू देत नाही. गुण्या देतो आणि म्हणतो, हा खरा आहे की खोटा, मला सांगा. पण दुसरा गुण्या मागू नका. थोडा वेळ ती एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी गुण्या पालथा करते. त्या दिवशी त्या मुलाला लॉक मायटर निम्मा आलेला असतो. उरलेला निम्मा दुसऱ्या दिवशी यंत्रावर.

तुमच्या घरी गुण्या किंवा पाणसळ असेल तर आज ती उलटवून पाहा.